कार्डासाठी आलेला पाहुणा

अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच दार होतं, आणि ते दिवसा कधी बंद झालेलं मला आठवत नाही. दुकानात आर्णीच्या आसपासच्या खेड्यांतून जळालेल्या पाण्याच्या मोटारी यायच्या. अब्बा त्यांचं पोट उघडून काळी पडलेली तार काढायचे, नवी तांब्याची तार भरायचे आणि वार्निश पाजून वाळवायचे. त्या वार्निशचा वास आमच्या कपड्यांना, उशांना, अम्मीच्या मसाल्याच्या डब्यांनासुद्धा होता. मी पुढे यवतमाळला राहायला गेले तेव्हा माझ्या ओढणीचा वास घेऊन खोलीतली मैत्रीण म्हणाली होती, तुमच्या घरी फर्निचरचं काम असते का वं? मोटार भरून झाली की अब्बा ती चालू करून बघायचे, आणि तेवढ्यापुरतं घर गप्प व्हायचं. अम्मी फोडणी घालायची थांबायची. मोटार एकसारखी घुमली की अब्बा "हां" एवढंच म्हणायचे आणि मग तेलात जिरं पडायचं.

आम्ही घरात जी बोली बोलायचो तिच्यात हिंदी होती, थोडी उर्दू होती आणि आर्णीच्या बाजाराची वऱ्हाडी तर होतीच. गिऱ्हाईक शेतकरी, शेजार सगळा मराठी, त्यामुळे अब्बा-अम्मीच्या तोंडात वऱ्हाडीच जास्त बसली होती. इथे मी त्यांचं बोलणं कानात राहिलंय तसंच लिहिते आहे.

मला यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका सुताच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत नोकरी लागली होती. महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी घरातली मी पहिलीच. आठवडाभर मी आणि नेरची सुनंदा एका भाड्याच्या खोलीत राहायचो आणि शनिवारी संध्याकाळी मी आर्णीची बस धरायची. सुनंदा हिशेबाच्या विभागात होती. तिच्याकडे क्रेडिट कार्ड होतं. ते मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा उठलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले होते. सुनंदा म्हणाली, "खाय नको त्याले." मला खरंच जाणून घ्यायचं होतं की खात्यात पैसे नसताना दुकानदार याच्यावर विश्वास कसा ठेवतो. तो सुनंदाला ओळखत नाही, तिच्या वडिलांना ओळखत नाही. मग तो ओळखतो कोणाला?

ही नुसती उत्सुकता राहिली असती, पण त्याच सुमारास आमच्या मुख्य तपासनीसांनी मला एका परीक्षेबद्दल सांगितलं. बाहेरच्या देशातली एक संस्था सूत आणि कापड तपासणाऱ्यांसाठी ती घ्यायची. पेपर इथेच नागपूरला देता यायचा. ती परीक्षा झालेलं माणूस आमच्या कारखान्यात एकही नव्हतं, आणि ती झाली की तपासणीच्या कागदावर स्वतःची सही करता येणार होती, साहेबांच्या सहीची वाट न बघता. अडचण एकच होती. फी क्रेडिट कार्डानेच भरायची आणि कार्डावरचं नाव परीक्षेला बसणाऱ्याचंच हवं. सुनंदा तिचं कार्ड द्यायला तयार होती, ते चाललं नसतं.

मग आमचा कार्ड शोधण्याचा उद्योग सुरू झाला. आज माझ्या मुलीला आठवड्यातून दोनदा कोणीतरी फोन करून कार्ड घ्या म्हणून गळ घालतं आणि ती ऐकूनही न घेता फोन ठेवते. तेव्हा यवतमाळात कार्ड मागायचं तर विचारत फिरावं लागायचं. बाजारात एका कंपनीनं छोटा मंडप टाकला होता. तिथे भर उन्हात टाय बांधलेला एक मुलगा कार्ड घेणाऱ्याला प्रवासी बॅग देत होता. बॅग निळी होती, चाकांची होती आणि मला फार आवडली होती. मुलगा म्हणाला, पहिलं वर्ष काही लागत नाही, पेट्रोलवर गुण मिळतात. मी म्हटलं, माझ्याकडे गाडी नाही. तो म्हणाला, घ्याल की मॅडम. मी विचारलं, परदेशात फी भरता येईल का? त्यानं बॅगेची चेन उघडून आतला कप्पा दाखवला. सुनंदानं माझा दंड धरून मला तिथून बाहेर काढलं.

"बॅगेसाठी कार्ड घेत असते का कोनी? बॅग पाह्यजे तं बॅग घे."

दुसरं कार्ड माझा पगार जमा व्हायचा त्या बँकेचं. तिथल्या बाई अधिकारी शांत स्वभावाच्या होत्या. परदेशी चालेल का, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण तसं त्यांनी सरळ सांगितलं आणि माझ्यासमोर नागपूरला फोन लावला. बराच वेळ फोन कानाशी धरून बसल्या आणि मग म्हणाल्या, चालेल, पण वर्षाची फी आहे आणि बाहेरच्या व्यवहारावर थोडा आकार वेगळा पडेल. मी दोन्हींची माहितीपत्रकं खोलीवर आणली. कॉटवर पसरून आम्ही दोघी ओळ न् ओळ वाचायला बसलो. बॅगेच्या कार्डात तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की दुसऱ्या वर्षापासून फी लागेल, आणि ती बँकेपेक्षा जास्त होती. सुनंदा नुसतीच "हं" म्हणाली. मी बँकेचं कार्ड ठरवलं. ज्या बाईंनी मला माहीत नाही असं म्हटलं होतं, त्यांच्यावरच माझा जास्त भरवसा बसला होता, हेही खरं.

तरी अर्ज भरण्याआधी मला अब्बांशी बोलायचं होतं. आमच्या घरात सूद, म्हणजे व्याज, द्यायचाही नाही आणि घ्यायचाही नाही. अब्बांनी दुकान वाढवलं नाही ते त्याच कारणानं. शनिवारी मी माहितीपत्रक घेऊन गेले. अब्बांनी तारेची जाडी बघायचं भिंग काढलं, पण इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, म्हणून भिंग त्यांच्या हातात आणि वाचणं माझ्या तोंडी अशी आमची बैठक दुकानातल्या लाकडी बाकावर बसली. अम्मी आत पोळ्या लाटत होती. आमचं बोलणं तिच्या कानावर जात होतं, पण बँकेचं काही चाललंय म्हणून ती त्यात पडली नाही.

"म्हंजे तारखेच्या आत सारे पैसे भरले, तं सूद नाही?"

"नाही."

"अन् तारीख हुकली तं?"

मी तो आकडा वाचून दाखवला. अब्बांनी भिंग खाली ठेवलं.

"मंग तू वेळेवर भरते, तं त्याइचं पोट कायच्यावर भरते?"

मी सांगितलं की दुकानदाराकडून त्यांना थोडा वाटा मिळतो, वर्षाची फी मिळते. ते त्यांना पटलं, पण पुरलं नाही. मोटार उघडून बघितल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही ही त्यांची सवय होती. त्या संध्याकाळी नमाजनंतर ते मशिदीतल्या हाफिजजींकडे बसून आले. आल्यावर पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "ते म्हनते, काही बुजुर्ग म्हनतात की कागदावर सूद लिहिला हाय तं सहीच करू नये. अन् काही म्हनतात, जरूरत खरी असन अन् सूद लागू देनार नसशीन तं मुभा हाय."

"मग हाफिजजी स्वतः काय म्हणतात?"

"ते म्हनले, पोरगी समजदार हाय. तिले दोनी सांगा." मग म्हणाले, "म्या दोनी सांगतले. कमाई तुही, सही तुही. तू ठरव."

मी रात्र जागून काढली वगैरे नाही. रविवारी दुपारी बसमध्ये खिडकीशी बसून मी ठरवलं की सही करायची आणि तारखेच्या आधीच पैसे भरायचे. एवढ्या वर्षांत माझ्या मनातून ते दुसरं मत पूर्ण गेलं नाही, आणि ते जाऊ नये असंच मला वाटतं. कार्ड वापरताना अजूनही मी क्षणभर थांबते, ते त्यामुळेच.

अर्जात एका रकान्यात आईचं लग्नाआधीचं नाव विचारलं होतं. मी सुनंदाच्या मोबाईलवरून शेजारच्या मंदाकाकूंकडे फोन लावला. मंदाकाकूंचं घर आमच्या भिंतीला लागून होतं आणि गल्लीतल्या निम्म्या घरांचे फोन त्यांच्याकडेच यायचे. अम्मीला बोलावलं. ती धापा टाकत आली.

"माझं नाव? कोनाले पाह्यजे माझं नाव?"

"अर्जात लिहायचंय, अम्मी. तुझं माहेरचं, पूर्ण."

तिनं सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. तिला ते नाव कोणी विचारून बहुतेक फार वर्षं झाली असावीत. फोन ठेवल्यावर ती मंदाकाकूंना म्हणाली की कोणीतरी माझ्या माहेरची चौकशी करून राह्यलं. पुढचं सगळं समजायला हे वाक्य लक्षात ठेवावं लागतं. आमच्यात मुलीचं स्थळ बघणारे लोक आजोळची चौकशी आधी करतात.

अर्जावर कायमचा पत्ता म्हणून मी आर्णीचं घर दिलं होतं. बँकेचा माणूस पत्त्याची खात्री करायला घरी येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो आला तेव्हा मी लोहाऱ्याला होते आणि अब्बा एका खेड्यात विहिरीवरची मोटार बसवायला गेले होते. त्या दुपारचं सगळं मला अम्मीनं सांगितलं, मंदाकाकूंनी त्याच्या दुप्पट सांगितलं आणि पुढे खुद्द अन्वरभाईंनीही सांगितलं. म्हणून मी तिथे नसूनही ते मला पाहिल्यासारखं आठवतं.

अन्वरभाई म्हणजे तोच माणूस. सडपातळ, मोटरसायकलवरून यवतमाळहून आलेला, काखेत फाइल. त्यांना वरून ताकीद होती की शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर कार्डाचं नाव काढायचं नाही. त्यांनी दुकानाच्या बंद शटरपाशी गाडी लावली आणि ओट्यावर डाळ निवडत बसलेल्या मंदाकाकूंना विचारलं, "शमीम इथेच राहतात ना? त्यांच्याबद्दल थोडी माहिती पाहिजे होती. मी अन्वर, यवतमाळवरून आलो."

मंदाकाकूंनी सूप बाजूला ठेवलं आणि पदर सारखा केला. त्यांनी स्वतः त्यांना आमच्या पुढच्या खोलीत आणून बसवलं. घरात पुरुष नाही म्हणून अम्मी आतल्या पडद्यामागे उभी राहिली आणि मंदाकाकू मध्ये बसल्या, कोर्टात बसतात तशा.

अन्वरभाईंनी फाइल उघडली. घर स्वतःचं का? किती वर्षांपासून? घरात माणसं किती? वडिलांचा धंदा? मुलगी शिकली किती, पगार किती? मंदाकाकू प्रत्येक उत्तराला एकेक गुण जोडत गेल्या. मुलगी कशी शांत आहे, वर मान करून बोलत नाही, भाकरी कशी गोल करते. भाकरीचं अन्वरभाईंनी लिहून घेतलं नाही, पण मान डोलावली. मग ते फ्रिजकडे बघून म्हणाले, हा चालू आहे का? अम्मीला वाटलं, हुंड्याचा अंदाज घेतायत.

"आता नोकरीचं," अन्वरभाई म्हणाले. "नोकरी पुढे चालू राहणार ना? म्हणजे पक्की आहे ना?"

पडद्यामागून अम्मी पहिल्यांदाच बोलली.

"नोकरीचं काही नाही, भाई. तुमच्याकडून इशारा आला की उद्या सोडून देईन ती. घरात बसायचीच सवय हाय तिले."

अन्वरभाईंचं पेन थांबलं. आमच्याकडून इशारा? त्यांनी दोनदा विचारलं, आणि अम्मीनं दोन्ही वेळा आणखी गोड आवाजात तेच सांगितलं. त्यांनी ते लिहिलं. त्यांना वाटलं, असेल, कारखान्याचं काही प्रकरण असेल. मग अम्मीनं दालचा-चावल पुढे केला. सकाळपासून चहावर असलेला तो माणूस नाही म्हणू शकला नाही. डाळीत शिजलेलं मटण, दुधी, वर चिंचेचा आंबटपणा. त्यांनी बोटं चाटून खाल्लं आणि मंदाकाकूंना आता विचारायला हरकत वाटेना.

"मंग, पोरगा काय करते?"

"माझा? पहिलीत आहे, काकू. लय खोडकर."

मंदाकाकूंनी धीर धरून विचारलं, "अन् त्याची माय?"

"ती माहेरी गेली आहे, दिग्रसला. येईल, नाही तर राहील तिथेच, तिचं काही सांगता येत नाही." ते हसले. जेवणाबद्दल त्यांनी दोघींना सलाम केला आणि गाडी काढून निघून गेले.

मी शनिवारी घरी पोचले तेव्हा अम्मी माझ्या तोंडाकडे बघेना. चहा दिला, भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या आणि शेवटी म्हणाली, "बेटा, एक जागा आल्ती. मानूस सभ्य वाटला. पन बायकोले त्यानं माहेरी लावून देल्लं अन् पोरगा हाय पयलीत. मले काही पटलं नाही. नाही म्हनून कळवू न?"

मी शेंग तोंडाशी धरून बसले. कुठली जागा, कुठला पोरगा? मंदाकाकू भिंतीपलीकडून आल्या आणि त्यांनी सगळं नव्यानं सांगितलं. अब्बा दुकानातून हात पुसत येऊन दारात उभे होते. फाइलचं नाव निघालं तसे ते म्हणाले, "फ्रिजकडे पाह्यलं त्यानं?"

"पाह्यलं."

"टीव्हीकडे?"

"हो. अन् मीटरचा नंबर लिवला."

अब्बा खाली बसले. मी त्यांना एवढं हसताना फार कमी वेळा पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते वार्निशच्या हातानं पुसायला गेले आणि मग आणखीच पाणी आलं. मंदाकाकूही हसल्या, मीही हसले. अम्मी हसली नाही. तिला अजून बरोबर कळलं नव्हतं की मीटरचा नंबर कोणाला कशाला हवा असतो. आणि "उद्या सोडून देईन ती" हे अम्मीचं वाक्य मंदाकाकूंच्या तोंडून पुन्हा आलं तेव्हा माझंही हसू थांबलं.

त्या वाक्याचं पुढे काय झालं ते पत्रानं कळलं. सध्या आपला अर्ज मंजूर करता येत नाही, एवढाच मजकूर. मी बँकेत गेले. त्या बाई अधिकाऱ्यांनी कागद बघून हळू आवाजात सांगितलं, "घरच्यांचं म्हणणं असं नोंदलंय की नोकरी चालू राहण्याची खात्री नाही. काही महिने जाऊ द्या, मग पुन्हा अर्ज करा." त्या वेळच्या परीक्षेची मुदत अर्थातच निघून गेली. पुढची सहा महिन्यांनी होती. मुख्य तपासनीसांनी माझ्यासाठी पुस्तकं मागवून ठेवली होती, ती मी खोलीवर आणली पण उघडली नाहीत.

अम्मीला मी ते लगेच सांगितलं नाही. रागात सांगितलं तर भांडण होईल आणि भांडणात ती रडेल, मग मला जे विचारायचं आहे ते राहून जाईल. थंडी पडली होती. एका रविवारी आम्ही दोघी मागच्या अंगणात उन्हाला तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. हिरव्या दाण्यांचा ढीग परातीत वाढत होता. तेव्हा मी पत्राचं सांगितलं.

"मले काय मालूम थो कार्डवाला हाय," ती म्हणाली.

"ते खरं आहे. पण अम्मी, तो स्थळ घेऊनच आला असता, तरी तू असंच सांगितलं असतं ना?"

तिनं शेंग सोलली, मग दुसरी सोलली. "पोरीच्या मायले झुकूनच बोला लागते. सारेच बोलतात."

"आणि त्यांनी सोड म्हटलं असतं, तर मी सोडली असती असं तुला वाटतं?"

दुकानात मोटार चालू झाली, घुमली आणि बंद झाली. मग तिनं मान वर केली आणि जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"तू तठी दिवसभर करते तरी काय?"

मी नोकरीला लागून बरेच महिने झाले होते. पगार किती, डबा काय, बस वेळेवर येते का, हे तिनं शंभरदा विचारलं होतं. हे कधी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. मी सांगायला लागले की सुताचे नमुने येतात, त्यांची मजबुती बघायची असते. तिला ते समजेना. मी तुरीच्या शेंगेचा दोर काढून ताणून दाखवला. तरी समजेना. पण ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आणि मला जाणवलं की तिला खरंच कळून घ्यायचं आहे.

आमच्या कारखान्यात सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर घरच्यांना आत येऊन बघायची परवानगी असायची. मी अम्मीला बोलावलं. अब्बांनी तिला बसमध्ये बसवून दिलं, मी लोहाऱ्याच्या फाट्यावर उतरवून घेतलं. तिनं नवा बुरखा घातला होता आणि हातात माझ्यासाठी गुळाच्या पोळ्यांचा डबा होता. मोठ्या यंत्रांच्या आवाजानं ती आधी बावरली, पण तपासणीच्या खोलीत आल्यावर तिनं नकाब वर केला आणि एकेक वस्तू निरखायला सुरुवात केली. मी सूत तोडायच्या यंत्रावर धागा लावला. वरची पकड वर जाऊ लागली, काटा सरकत गेला आणि धागा तटकन तुटला.

"अजून एक डाव," अम्मी म्हणाली.

मी पुन्हा तोडला. मग तिला तोडू दिला. तिनं बटण दाबलं आणि धागा तुटेपर्यंत श्वास रोखून उभी राहिली.

"चांगल्याच धाग्याले तोडता तुमी?"

"थोडाच तोडतो. बाकीचा कसा आहे ते त्यावरून कळतं."

"अन् तू म्हनलं की हा कच्चा हाय, तं?"

"तर ते सगळं सूत परत जातं."

"गाडीभर?"

"गाडीभर असेल तर गाडीभर."

तिनं आजूबाजूला बघितलं. मुख्य तपासनीस दाराशी उभे होते. तिनं आवाज खाली आणला. "साहेब ऐकते तुझं?"

तपासनीसांनीच उत्तर दिलं. "ऐकावं लागते, बाई. आकडा तिच्या हातचा असते."

अम्मीनं नकाब पुन्हा खाली घेतला. परतीच्या बसची वाट बघताना ती एवढंच म्हणाली की पोळ्या आजच खा, उद्या कडक होतील. पण घरी गेल्यावर तिनं मंदाकाकूंना बोलावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते यंत्र हातवारे करून दाखवलं, असं अब्बांनी मला सांगितलं. धागा तुटल्याचा आवाजही ती तोंडानं काढत होती.

मी पुन्हा अर्ज केला. या वेळी घरी सगळ्यांना सांगून ठेवलं. योगायोगानं पुन्हा अन्वरभाईच आले. आर्णीचा भाग त्यांच्याकडेच होता. अब्बा त्या दिवशी दुकानात होते, पण त्यांनी अन्वरभाईंना पाणी दिलं आणि म्हणाले, जे विचारायचं ते आत विचारा, मले मोटार भरायची हाय. मंदाकाकू आल्याच. घर, माणसं, मीटर, सगळं पुन्हा झालं. अन्वरभाईंनी जरा भीतभीतच विचारलं, "आणि नोकरी?"

अम्मी पडद्याच्या कडेला, निम्मी बाहेर येऊन उभी होती.

"लिहा," ती म्हणाली. "नोकरी पक्की हाय. माझी पोरगी म्हनते की सूत कच्चं हाय, तं गाडीभर माल वापस जाते. साहेबाले ऐका लागते."

"आपा, एवढं लिहायला इथे जागा नाही."

"मंग कागदाच्या मांगच्या बाजूनं लिहा."

अन्वरभाईंनी खरंच कागद उलटा करून लिहिलं. निघताना त्यांनी सांगितलं की बायको माहेरून आली आहे, आणि मंदाकाकूंनी समाधानानं मान हलवली.

कार्ड पाकिटातून आलं तेव्हा अब्बांनी ते उजेडात धरून पाहिलं, वाकवून पाहिलं आणि मागची काळी पट्टी भिंगाखाली तपासली. पुढच्या आठवड्यात ते यवतमाळला आले होते, तेव्हा माझ्याबरोबर इंटरनेटच्या दुकानात आले. मी नंबर टाकला, बटण दाबलं, पडद्यावर चक्र फिरलं आणि फी भरल्याची ओळ आली. अब्बा पडद्याकडे बघत राहिले.

"झालं? आवाज नाही काही?"

"नाही."

त्यांना ते थोडं अपुरं वाटलं असावं. बाहेर रसवंतीवर उसाचा रस पिताना त्यांनी विचारलं की ते पैसे आता नेमके कुठे असतील, वाटेत असतील की पोचले असतील. मला सांगता आलं नाही. मला आजही ते नीट सांगता येत नाही, जरी आता कारखान्याचे परदेशी व्यवहार माझ्या सहीनं होतात. बिल आल्या दिवशीच मी सगळे पैसे भरले आणि पावती आर्णीला नेऊन अब्बांना दाखवली. परीक्षा मी पहिल्या प्रयत्नात पास झाले, मात्र एका पेपरात काठावर.

त्याच उन्हाळ्यात खरे पाहुणे आले. मुलाकडचे, पुसदच्या बाजूचे, चांगले लोक. मुलाची फुफी, म्हणजे आत्या, चुलते आणि एक वडीलधारे मामू. मी चहाचा ट्रे नेऊन ठेवला आणि नियमाप्रमाणे बसले. आजोळ विचारून झालं, शिक्षण विचारून झालं. फुफीनं बशीत चहा ओतता ओतता, अगदी सहज, अम्मीला विचारलं, "अन् शादीनंतर नोकरीचं कसं?"

मी मान खाली घालून बसले होते. मला अम्मीचा चेहरा दिसत नव्हता, फक्त तिचा हात दिसत होता, तो ओढणीवर स्थिर होता. अब्बांनी खाकरून घसा साफ केला.

"करन न ती नोकरी," अम्मी म्हणाली. "तुमच्या गावात सुताचा कारखाना हाय का, ते आधी सांगा."

फुफीची बशी तोंडाशी गेलेली थांबली. चुलत्यांनी मामूंकडे बघितलं, मामूंनी छताकडे. अम्मी उत्तराची वाट बघत होती, खरोखरच, मान किंचित पुढे करून, जसं तिनं त्या यंत्रापाशी उभं राहून एकेक गोष्ट विचारली होती तसं.

त्यांच्या गावात कारखाना नव्हता.